थकलेलं भाडं आणि आपल्या वर्गातलं मूल



परिसर अभ्यासात आपण मुलांना अन्न, वस्त्र, निवारा या मूलभूत गरजा शिकवतो. अन्नावर भरपूर बोलतो, कारण पोषण आहार रोज डोळ्यांसमोर असतो. निवाऱ्यावर आलो की झोपडी, कौलारू घर, स्लॅबचं घर, उंच इमारत अशी चित्रं दाखवतो आणि पुढे जातो. घर कोणाच्या मालकीचं, त्यात राहायला महिन्याला किती द्यावे लागतात, आणि ते देता आले नाहीत तर काय होतं, हे आपण सहसा काढतच नाही. मी चिकलठाण्यात शिकवते. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचं घर भाड्याचं आहे. म्हणून आज हाच विषय घेतला आहे. लेख थोडा मोठा आहे, पण शेवटी वर्गात घेता येतील अशा कृती आणि पालकांसाठी कामाचे मुद्दे दिले आहेत.

कागदांची पिशवी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलीची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर सुंदर, पाढे तोंडपाठ. दिवाळीनंतर तिचं काहीतरी बिनसलं. गृहपाठ नाही, आठवड्यातून दोन दिवस गैरहजर, आली तरी वर्गात डुलक्या. मी तिला दोनदा सगळ्यांसमोर रागावले. "अभ्यास नको वाटतो का आता?" असंही बोलून गेले. ती काहीच बोलली नाही.

एका सोमवारी ती दप्तराबरोबर आणखी एक कापडी पिशवी घेऊन आली. मधल्या सुट्टीतही ती पिशवी सोडेना. मला वाटलं खाऊ असेल. जवळ बसवून विचारलं तेव्हा तिने पिशवी उघडून दाखवली. आत रेशनकार्ड, सगळ्यांची आधारकार्डं, धाकट्या भावाचा जन्मदाखला, वडिलांच्या कंपनीचा जुना गेटपास आणि दवाखान्याची फाइल. म्हणाली, "मम्मी म्हणली, शाळेत ने. घरी ठेवलं तर सामानासंगट बाहेर फेकतील."

पाच महिन्यांचं भाडं थकलं होतं. मालकाने खोलीची लाइट तोडली होती. मुलगी संध्याकाळी अंधारात बसत होती, म्हणून गृहपाठ नव्हता. रात्री मालक दारात येऊन बोलायचा, म्हणून झोप नव्हती. आणि मी तिला वर्गात उभं करून रागावत होते. डी.एड.ला असताना बालमानसशास्त्राच्या पेपरात 'मुलाच्या वर्तनामागील कारणे शोधा' हा प्रश्न मी पाठ करून लिहिला होता. प्रत्यक्षात कारण समोर बसलं होतं आणि मला ते दिसलं नाही. हे सांगायला लाज वाटते, पण सांगायला हवं, कारण आपल्यापैकी कित्येकांच्या वर्गात आज अशी पिशवी असेल.

भाडं थकतं कसं?

"कमावतात ते उडवतात, मग भाडं कसं भरणार?" हे वाक्य आपण स्टाफरूममध्येही ऐकतो. जरा हिशोब करून बघू. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण आपल्या भागातल्या पालकांना ते ओळखीचे वाटतील.

एमआयडीसीत ठेकेदाराकडे रोजाने काम करणारा माणूस. रोज ५०० रुपये, महिन्याला २६ दिवस काम, म्हणजे १३,००० रुपये. खर्च असा:

- खोलीभाडं ४,०००
- किराणा, दूध, गॅस ५,५००
- लाइट-पाणी ६००
- गावाकडे आईवडिलांना १,०००
- येणंजाणं आणि मोबाइल ९००
- दवाखाना, वह्या-पुस्तकं १,०००

बेरीज बरोबर १३,०००. शिल्लक शून्य. आता एखाद्या महिन्यात ऑर्डर कमी आल्या आणि काम १६ दिवसच मिळालं, तर हातात ८,००० येतात. पाच हजारांची तूट. ती कुठून भरायची? किराणा रोज लागतो. दवाखाना टाळता येत नाही. गॅस संपला तर चूल पेटत नाही. थांबवता येण्यासारखी एकच मोठी रक्कम उरते, ती म्हणजे भाडं. म्हणून सगळ्यात आधी भाडंच थकतं. दुसऱ्या महिन्यात पूर्ण काम मिळालं तरी मागचे चार हजार भरायला त्या १३,००० मध्ये जागाच नसते. एकदा मागे पडलेलं घर मागेच राहतं. यात उधळपट्टी कुठे आहे, ते तुम्हीच सांगा.

कोरोनाच्या वेळी हे सगळ्यांनी पाहिलं. १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना दिली होती की भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकलावी आणि भाडं दिलं नाही म्हणून कोणाला घराबाहेर काढू नये. सूचना चांगली होती. पण भाडं माफ झालं नव्हतं, पुढे गेलं होतं. टाळेबंदी उठली तेव्हा कितीतरी घरांवर तीन-चार महिन्यांचा बोजा एकदम आला. आणि ज्यांच्याकडे थांबण्याइतकाही आधार नव्हता ते पायी निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे आपल्याच रेल्वेमार्गावर, करमाडजवळ, जालन्याहून गावाकडे पायी निघालेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. थकून रुळांवर झोपले होते. करमाड आपल्यापासून किती जवळ आहे, हे चिकलठाणेकरांना सांगायला नको.

आता दुसरी बाजूही बघू, कारण मुलांना शिकवताना एकच बाजू सांगणं बरोबर नाही. त्या मुलीच्या घरमालकांना मी पुढे भेटले. निवृत्त माणूस, पेन्शन नाही. चार खोल्यांच्या भाड्यावर घर चालतं, बायकोला डायलिसिस. चारपैकी दोन खोल्यांचं भाडं थकलेलं. "मॅडम, मी काय सावकार आहे का?" असं त्यांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. लाइट तोडणं चूकच होतं. पण त्यांची अडचण खोटी नव्हती.

थकबाकी आणि बेघर होणं यांच्यामध्ये काय असतं?

बहुतेक भाडेकरूंना वाटतं की भाडं थकलं की मालक कधीही सामान बाहेर काढू शकतो. बहुतेक मालकांनाही तसंच वाटतं. कायदा तसं म्हणत नाही.

आपल्या मराठवाड्यात आधी निजामी राज्यातून आलेल्या भागासाठीचा १९५४ चा हैदराबाद घरभाडे कायदा होता. विदर्भात वेगळा नियम, मुंबईकडे वेगळा. या सगळ्यांच्या जागी 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' आला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी सोप्या भाषेत:

१. भाडं थकलं म्हणून घर रिकामं करून घ्यायचं असेल तर मालकाने आधी लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस होईपर्यंत त्याला त्या कारणासाठी दावा लावता येत नाही (कलम १५).

२. दावा लागला तरी सगळं संपत नाही. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकलेलं भाडं वर्षाला शेकडा १५ दराने सरळव्याजासह कोर्टात भरलं, पुढचं भाडं नियमित भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूम होत नाही.

३. पुरेसं कारण नसताना पाणी, लाइट यांसारख्या आवश्यक सोयी मालकाला तोडता येत नाहीत (कलम २९). तोडल्या तर भाडेकरू कोर्टाकडे दाद मागू शकतो.

४. भाडं घेतल्यावर लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे (कलम ३१).

५. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, जोपर्यंत ते खोटं ठरत नाही (कलम ५५).

इथे एक सावधगिरी. हल्ली बरेच मालक ११ महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार करतात. त्यात राहणारा माणूस कायद्याच्या अर्थाने भाडेकरू नसून परवानाधारक असतो. त्याला वरचं ९० दिवसांचं संरक्षण नाही. मुदत संपल्यावर जागा सोडावी लागते, नाहीतर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने पैसे द्यावे लागू शकतात. म्हणून सही करण्याआधी करारावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर मुलांच्या शिक्षकांकडे घेऊन या. आपण नाही म्हणणार नाही.

थोडक्यात, भाडं थकणं आणि घराबाहेर पडणं या दोन गोष्टींमध्ये कायद्याने काही महिने ठेवले आहेत. मदत मिळवायची, बोलणी करायची ती या महिन्यांत. ज्याला हे माहीत नसतं तो पहिल्याच धमकीला रात्रीतून खोली सोडतो. आणि सकाळी आपल्या हजेरीपटावर एक मूल कमी होतं.

सरकारी घर असेल तर? लेबर कॉलनीचा धडा

"खासगी मालक त्रास देतो, सरकारी घर मिळालं की निर्धास्त," असं पालक म्हणतात. तिथला नियम उलट जास्त कडक आहे. सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या घरांना भाडे नियंत्रण कायदा लागू होत नाही. सरकारी जागांसाठी १९५५ चा निष्कासनाचा कायदा आहे आणि म्हाडाच्या घरांसाठी म्हाडा अधिनियम, १९७६. दोन्हींत दोन महिन्यांपेक्षा जास्त भाडं थकलं तर सक्षम प्राधिकारी घर रिकामं करण्याची कारवाई सुरू करू शकतो. कारणे दाखवा नोटीस येते, म्हणणं मांडायची संधी मिळते. पण निर्णय नेहमीच्या दिवाणी कोर्टाऐवजी तो अधिकारी देतो. म्हणून अशा नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर देणं फार महत्त्वाचं.

आपल्या शहरातलं मोठं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. विश्वासनगरची लेबर कॉलनी. १९५० च्या दशकात बांधलेली सरकारी निवासस्थानं, पुढे सरकारी कर्मचाऱ्यांना क्वार्टर म्हणून दिलेली. साडेतीनशेच्या आसपास घरं. कर्मचारी निवृत्त झाले, काही वारले, पण कुटुंबं तिथेच राहिली. काही घरांत पोटभाडेकरू आले. शासनाचं म्हणणं, नोकरी संपली की क्वार्टरवरचा हक्क संपतो. रहिवाशांचं म्हणणं, आमच्या दोन पिढ्या इथे वाढल्या, आता कुठे जायचं? प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात फिरलं. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर घरं रिकामी करण्याची नोटीस लागली तेव्हा बायाबापड्या रस्त्यावर उतरल्या. शेवटी ११ मे २०२२ रोजी मोठ्या पोलीस बंदोबस्तात जेसीबी आले आणि वसाहत पाडली गेली.

कायद्याने शासनाची बाजू भक्कम होती, हे मान्य करू. इमारतीही जीर्ण झाल्या होत्या. पण शिक्षक म्हणून मला दोन गोष्टी टोचतात. एक, ज्या घराचा हक्क नोकरीशी बांधलेला असतो त्या घरातल्या लोकांनी नोकरी असतानाच दुसऱ्या घराची तजवीज करायला हवी, हे त्यांना वेळेवर सांगितलं कोणी? दुसरी गोष्ट तारखेची. ११ मे म्हणजे उन्हाळी सुट्टी. तेव्हा शाळेला काहीच कळत नाही. जूनमध्ये हजेरी घेताना नाव पुकारतो, उत्तर येत नाही, आणि आपण 'स्थलांतरित' लिहून मोकळे होतो.

आता आपल्या दाराशी या. २०२५ च्या पावसाळ्यात जालना रोडच्या रुंदीकरणासाठी मुकुंदवाडी-चिकलठाणा पट्ट्यातली रस्त्याकडेची बांधकामं पाडली गेली. अशा वेळी मालकाकडे निदान सातबारा, घरपट्टीची पावती असं काहीतरी असतं. भाडेकरूकडे भाडेपावती नसेल, तर आपण इथे राहत होतो हे सांगायलाही त्याच्याकडे कागद नसतो.

न्यायालयांनी याबाबत काय सांगितलं आहे? १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांबाबत, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. माणसाचं राहण्याचं ठिकाण गेलं की त्याचं कामही जातं. फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क मात्र न्यायालयाने दिला नाही. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने बांधकाम पाडण्याआधी निदान १५ दिवसांची नोटीस हवी असं ठरवून दिलं. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला ते लागू नाही. म्हणजे हक्क आहेत, पण त्यांना मर्यादाही आहेत. मुलांना दोन्ही सांगायला हवं.

बाहेर वेगळं काय करतात?

इंग्लंडमध्ये नगरपालिका आणि गृहनिर्माण संस्थांची भाड्याची घरं मोठ्या संख्येने आहेत. तिथेही भाडी थकतात. पण अशा संस्थेला थेट कोर्टात जाता येत नाही. आधी भाडेकरूशी संपर्क करायचा, त्याच्या कमाईला झेपेल असा हप्ता ठरवायचा, सरकारी भाडेमदतीचा अर्ज भरायला साहाय्य करायचं. भाडेकरू आजारी, अपंग किंवा कागद समजून न घेता येणारा असेल तर ते लक्षात घ्यायचं. ठरलेला हप्ता तो भरत असेल तर दावा थांबवायचा. हे पाळलं की नाही, हे न्यायाधीश विचारतात. तिथेही लोक बेघर होतात, सगळं छान आहे असं नाही. पण 'आधी बोला, मग कोर्ट' ही पायरी लिहून ठेवली आहे. आपल्याकडे ती पायरी गल्लीतल्या चार शहाण्या माणसांना मिळून तयार करता येते. त्या मुलीच्या बाबतीत आम्ही तेच केलं.

पुढे काय झालं?

मुख्याध्यापक, बचत गटाच्या एक ताई आणि मी, असे तिघे मालकांकडे गेलो. आधी त्यांचं ऐकून घेतलं. मग कलम २९ बद्दल सांगितलं. त्याच संध्याकाळी लाइट जोडली गेली. मुलीच्या आईने विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन सल्ला घेतला. मग वहीच्या पानावर लिहून घेतलं की चालू भाडं दर महिन्याला, आणि मागचे वीस हजार महिन्याला एक-एक हजाराने. दोघांच्या सह्या, खाली साक्षीदार. मालकांनी मागच्या दोन वर्षांच्या पावत्याही लिहून दिल्या.

चार हप्ते व्यवस्थित गेले. मग वडिलांचं काम पुन्हा सुटलं आणि त्यांना वाळूजकडे काम मिळालं. कुटुंब तिकडे गेलं. उरलेले पैसे तिकडून थोडेथोडे पाठवायचं ठरलं. मालकांनी सामान अडवलं नाही. दिवसाउजेडी टेम्पो भरला. निघायच्या आदल्या दिवशी मुलगी आईबरोबर शाळेत आली, दाखला घेतला, वर्गाचा निरोप घेतला. आठवड्याच्या आत ती तिकडच्या शाळेत पाचवीच्या वर्गात बसली होती. खोली शेवटी सुटलीच. पण शाळेचा एक आठवडाही पूर्ण बुडाला नाही.

दाखल्याअभावी मूल घरी बसू नये

हा भाग शिक्षकांसाठी खास. शिक्षण हक्क कायदा, २००९ आपल्याला पाठ आहे, पण भाडेकरू मुलांच्या बाबतीत त्यातली ही कलमं पुन्हा वाचा:

- कलम ५ : मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा. दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारायचा नाही.
- कलम १४ : वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.
- कलम १५ : वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलालाही प्रवेश द्यायचा.
- कलम ४ : शाळा सुटलेलं मूल वयानुरूप वर्गात बसवायचं.

कुटुंब निघणार असं कळलं तर शिक्षण हमी कार्ड भरून पालकांच्या हातात द्या. नव्या शाळेचं नाव कळलं की ऑनलाइन नोंदीचं हस्तांतर करा आणि त्या वर्गशिक्षकांना एक फोन करा. "मूल हुशार आहे, भागाकार राहिलाय" एवढं सांगितलं तरी तिकडे त्याचं अर्धं काम होतं.

वर्गात घेता येतील अशा कृती

एक पथ्य सगळ्यात आधी. "कोणाकोणाचं घर भाड्याचं आहे, हात वर करा" असं कधीही विचारू नका. सगळी उदाहरणं काल्पनिक कुटुंबाची घ्या.

कृती १ (तिसरी-चौथी) : पावती लिहू या. फळ्यावर रकाने आखा. तारीख, कोणाकडून मिळाले, रक्कम अंकी आणि अक्षरी, कोणत्या महिन्याचं भाडं, घेणाऱ्याची सही. जोडीत एकाने मालक, दुसऱ्याने भाडेकरू व्हायचं, मग अदलाबदल. अक्षरी संख्यालेखनाचा सराव होतो आणि 'पैसे दिले की पावती घ्यायची' हे डोक्यात पक्कं बसतं.

कृती २ (चौथी-पाचवी) : दिनदर्शिका. एका कुटुंबाला १० जूनला नोटीस मिळाली. ९० दिवस कधी पूर्ण होतील? जूनचे २०, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१ मिळून ८२. उरलेले ८. उत्तर ८ सप्टेंबर. मुलं आधी 'तीन महिने म्हणजे १० सप्टेंबर' म्हणतात. दोन दिवसांचा फरक का पडला, यावर छान चर्चा होते.

कृती ३ (सातवी-आठवी) : सरळव्याज. महिना ४,००० प्रमाणे पाच महिने थकले, २०,००० रुपये. दर शेकडा १५. वर्षाचं व्याज ३,०००, महिन्याचं २५०. सोपं जावं म्हणून सगळी रक्कम एकाच दिवशी थकली असं धरा. मग खासगी सावकाराचा महिना शेकडा ५ दर घ्या. महिन्याला १,००० रुपये व्याज. चौपट! भाडं फेडायला सावकाराकडून पैसे घेणं किती महाग पडतं, हे मुलांनाच काढू द्या. ती घरी जाऊन सांगतील.

कृती ४ (सर्व वर्ग) : नाट्यीकरण. मालक, भाडेकरू, मध्यस्थ. मालकालाही खरी अडचण द्या. रागावून न बोलता दोघांना झेपेल असा हप्ता ठरवायचा आणि लिहून सही करायची. मोठ्यांपेक्षा मुलं हे लवकर जमवतात, असा माझा अनुभव आहे.

पालकांनो, हे लक्षात ठेवा

- भाडं फोनवरून पाठवलं तर नोंद जपून ठेवा. रोख दिलं तर पावती घ्या. पावती मिळत नसेल तर वहीत तारीख-रक्कम लिहून सही घ्या.
- पहिला महिना चुकणार असं दिसताच मालकाला स्वतःहून सांगा. तोंड चुकवलं की विश्वास जातो.
- नोटीस आली तर घ्या. नाकारू नका, फाडू नका. मिळाल्याची तारीख त्यावर लिहा.
- अदालत रोडवरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना कमाई किती हे न पाहता मोफत वकील मिळू शकतो. एमआयडीसीतल्या कामगारांनी 'औद्योगिक कामगार' हा शब्द लक्षात ठेवावा. फोन १५१००.
- विधवा, निराधार, अपंग यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना यांचे अर्ज तहसील कार्यालयात होतात. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, ती महिला व बालविकास कार्यालयामार्फत मिळते. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलं असेल तर कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा, मुलांना शिष्यवृत्ती मिळते. या योजना भाड्यासाठी नाहीत, पण घरात थोडी ठरलेली रक्कम येऊ लागली की भाड्याला हातभार लागतो.
- घर सोडावंच लागलं तर शाळेला आधी सांगा. लाजू नका. रात्रीतून निघून जाऊ नका.

आणि शिक्षकांनो, एखादं मूल अचानक गप्प झालं, गृहपाठ थांबला, वर्गात झोपू लागलं, तर रागावण्याआधी बाजूला घेऊन एवढंच विचारा, "घरी लाइट आहे ना?" मी आता तेच विचारते. बहुतेक वेळा उत्तर "हो मॅडम, टीव्ही बघत होतो" असंच येतं आणि आम्ही दोघं हसतो. पण वर्षातून एखाद-दोनदा मूल खाली बघतं. तेव्हा मला कळतं की आज शाळा सुटल्यावर कोणाच्या घरी जायचं आहे.

तुमच्या शाळेत असा अनुभव आला असेल, तुम्ही काही वेगळा मार्ग काढला असेल, तर जरूर कळवा. कृती घेतल्यात तर मुलांनी लिहिलेल्या पावत्यांचे फोटोही पाठवा, मुलांची नावं झाकून.